बेनिफिट नाइट कशी लावायची: अठराव्या शतकातल्या लंडनला नवीन आलेल्या नटीसाठी

समजा साल १७७० च्या आसपासचं आहे आणि तुम्ही लंडनला ड्रुरी लेन थिएटरमधे नटी म्हणून लागलात. पगार आठवड्याला तीन पौंड, कामं बऱ्यापैकी, आणि करारात एक ओळ अशी की सीझनला एक बेनिफिट मिळेल. म्हणजे एक ठरलेली रात्र, त्या रात्रीच्या प्रयोगाचं उत्पन्न तुमचं. ऐकायला काय भारी वाटतं ना, अख्ख्या थिएटरचा गल्ला एका नटीच्या हातात! पण खरं सांगायचं तर त्या रात्री थिएटरचा मालक सगळ्यात निवांत असतो आणि तुमच्या पोटात गोळा, कारण मालकाचे पैसे आधी वळते होतात आणि उरलं तर तुमचं. एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं का आणि कशासाठी ते कळतं. म्हणून क्रमाने लिहितेय, तुम्ही स्वतः ती नटी आहात असं धरून वाचा.

पद्धत आली कुठून ते थोडक्यात. सतराव्या शतकाच्या शेवटी एलिझाबेथ बॅरी नावाची मोठी नटी होती, नट आणि मॅनेजर कॉली सिबर त्याच्या १७४० च्या आत्मचरित्रात सांगतो की असा स्वतःच्या नावाचा बेनिफिट आधी फक्त तिलाच मिळायचा. मग १६९५ ला लंडनची नाटक कंपनी फुटली, एकीच्या दोन झाल्या, पगार थकायला लागले आणि थकलेल्या पगारापोटी बेनिफिट द्यायची सवय लागली. मालकांना ती इतकी सोयीची पडली की पुढचं अख्खं शतक तेच चाललं. आपल्याकडचा मदतीचा प्रयोग वेगळा बरं का, तिथे नट एखाद्या फंडासाठी उभा राहतो, १९२१ चा संयुक्त मानापमान टिळक स्वराज्य फंडासाठी झाला तसा. इथे नटी स्वतःच्या घरखर्चासाठी उभी असते, जाहिरातीत तसं स्पष्ट छापते, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

१. आधी करार वाचा

सगळे बेनिफिट सारखे नसतात. सगळ्यात वरचा क्लिअर बेनिफिट, यात थिएटर काहीच कापत नाही, जेवढा गल्ला तेवढा तुमचा. हा फक्त टॉपच्या लोकांना मिळतो, तुम्हाला मिळणार नाही, तेव्हा स्वप्न बघू नका. त्याखालचा म्हणजे नेहमीचा बेनिफिट, त्यात थिएटरचा त्या रात्रीचा खर्च आधी चुकता करायचा. मेणबत्त्या, वादक, दारावरची माणसं, छपाई असं सगळं धरून मालकाने ठरवलेला एक ठोक आकडा असतो, त्याला चार्जेस म्हणतात. शतकाच्या मध्याला हा साठ-पासष्ट पौंडांच्या आसपास होता, १७८० च्या दशकात शंभराच्या वर गेला. एखादी हौशी संस्था नाट्यगृह भाड्याने घेऊन आपल्या जबाबदारीवर प्रयोग लावते, तिकिटं खपोत न खपोत भाडं द्यावंच लागतं, तसलाच प्रकार, फक्त इथे भाडं घेणारा तुमचाच मालक. गल्ला चार्जेसपेक्षा कमी भरला तर फरक तुमच्या अंगावर.

त्याच्याही खाली दोघा-तिघांत मिळून एक रात्र, नफा-तोटा वाटून घ्यायचा. आणि अगदी तळाला तिकीट नाइट, तिथे छोटे नट, नाचणारे, दारवान असे बरेच जण एकाच रात्री आपापली तिकिटं विकतात आणि विकलेल्या तिकिटांचे निम्मे पैसे घरी नेतात. निम्मे! उरलेले थिएटरला.

तुमच्या करारात यातलं नेमकं कुठलं आहे ते बघून घ्या, आणि तोंडी आश्वासनावर अजिबात जाऊ नका. किटी क्लाइव्ह ही त्या काळची विनोदी कामांची राणी, तिलासुद्धा १७४४ ला मालकांविरुद्ध आपली बाजू छापून लोकांपुढे मांडावी लागली आणि तिच्या तक्रारींमधे एक हीच होती की वर्षानुवर्षं माझा बेनिफिट क्लिअर होता आणि आता खर्च मागतायत. तिची ही गत, तर तुमची काय.

२. मग कागद-पेन्सिल घ्या

वीस शिलिंगचा एक पौंड. ड्रुरी लेनचे नेहमीचे दर: बॉक्स पाच शिलिंग, पिट म्हणजे स्टेजसमोरचे खालचे बाक तीन, पहिली गॅलरी दोन, वरची गॅलरी एक. बॉक्समधे खानदानी मंडळी, पिटात वकील, लेखक, टीका करणारे, पहिल्या गॅलरीत दुकानदार आणि त्यांच्या बायका, सगळ्यात वर नोकरचाकर आणि आरडाओरडा.

आता एक मनातला हिशोब करू. बॉक्समधे १००, पिटात २००, पहिल्या गॅलरीत २००, वर २००. बॉक्सचे २५ पौंड, पिटाचे ३०, पहिल्या गॅलरीचे २०, वरचे १०, एकूण ८५. चार्जेस ६३ धरले तर तुमच्या हातात २२ पौंड. वाईट नाही, सात आठवड्यांचा पगार झाला. पण यातली निम्मीच माणसं आली तर गल्ला साडेबेचाळीस आणि तुम्हीच थिएटरला साडेवीस पौंड देणं लागता, म्हणजे तुमच्या बेनिफिटसाठी तुम्हीच सात आठवडे फुकट राबायचं.

म्हणून एक युक्ती सगळे वापरतात. पिट आणि बॉक्स एकत्र करायचे, म्हणजे पिटाचे बाक बॉक्सच्या दरात विकायचे. जाहिरातीत तसं आधी छापायचं. वरच्या हिशोबात पिटाचे २०० जण पाच शिलिंगने बसले तर ३० ऐवजी ५० पौंड येतात, म्हणजे २० पौंड जास्त आणि तुमची कमाई जवळजवळ दुप्पट. धोका असा की पिटातले नेहमीचे लोक चिडतात, आणि हेच लोक तुमच्या नाटकाला शिट्ट्या मारणार की टाळ्या हे ठरवतात. मी म्हणेन नवीन असाल तर पूर्ण पिट नको, थोडे बाक घ्या. आणि दुसरी गोष्ट, एरवी तिसऱ्या अंकानंतर अर्ध्या दरात आत सोडतात, बेनिफिटच्या जाहिरातीत बरेचदा स्पष्ट लिहिलेलं असतं की पूर्ण दरापेक्षा कमी घेणार नाही. ती ओळ विसरू नका.

३. तारीख

मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत बेनिफिटचा सीझन, आणि क्रम मानाप्रमाणे लागतो. मोठे नट-नट्या आधी, मग मधले, मग तुम्ही. मेच्या शेवटच्या आठवड्यात येईपर्यंत बॉक्समधल्या बायकांनी वीस-पंचवीस बेनिफिटची तिकिटं घेऊन झालेली असतात आणि त्यांचे नवरे वैतागलेले असतात, म्हणून जितकी आधीची तारीख पदरात पडेल तितकी पाडून घ्या.

लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ, त्यात बुधवारी आणि शुक्रवारी नाटक करायला बंदी, त्या दिवशी ऑरेटोरिओ म्हणजे धार्मिक विषयावरचं गाणं-बजावणं होतं, आणि ईस्टरच्या लगेच आधीच्या आठवड्यात थिएटरं बंदच. मंगळवार-शनिवार हेमार्केटच्या किंग्ज थिएटरला इटालियन ऑपेरा असतो, तिथे श्रीमंत लोक जातात, ते दिवस शक्यतो टाळा. आणि दुसऱ्या थिएटरला त्याच रात्री कोणाचा बेनिफिट आहे ते आधी विचारून घ्या. लंडनमधे १७३७ च्या कायद्यानंतर सीझनमधे बोलकं नाटक करायची परवानगी ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोघांनाच, त्यामुळे प्रेक्षक तेवढेच आणि ओढणारी थिएटरं दोन. तिकडे एखादी फेमस बाई नवीन भूमिका करणार असेल तर तुमचं कल्याण.

४. नाटक कुठलं

ही पायरी माझ्या सगळ्यात आवडीची आहे, कारण वर्षभर मॅनेजर सांगेल ते काम करणारी नटी फक्त या एका रात्री म्हणू शकते की मला हे नाटक करायचंय आणि त्यात ही भूमिका माझी. पैशाची रिस्क तुमची, मग निवड पण तुमची, साधा न्याय आहे.

लोकांना बेनिफिटला काहीतरी वेगळं हवं असतं. रोजचं नाटक रोजच्या नटसंचात दाखवायचं तर ते कशाला येतील. म्हणून तुम्ही आजवर न केलेली भूमिका घ्या, किंवा बऱ्याच वर्षात न लागलेलं जुनं नाटक बाहेर काढा, किंवा मुख्य नाटकाच्या मागे एक नवीन फार्स लावा. संध्याकाळ लांबलचक असते, पाच अंकी नाटक, त्यानंतर दोन अंकी फार्स, मधे गाणं, नाच, शेवटी एपिलॉग म्हणजे प्रेक्षकांना उद्देशून पद्यात भाषण. एपिलॉगला काहीतरी गंमत असेल तर तेवढ्यासाठी पण लोक येतात, विनोदी नट तर चक्क गाढवावर बसून एपिलॉग म्हणायचे.

स्वतः लिहिता येत असेल तर सोन्याहून पिवळं. किटी क्लाइव्हने १७५० च्या मार्चमधे आपल्या बेनिफिटला स्वतःच लिहिलेला फार्स लावला, त्यात मिसेस हॅझर्ड नावाची एक लेखिका आपल्या नाटकाची तालीम घेत असते आणि मिसेस क्लाइव्ह नावाची नटी कशी आलीच नाही म्हणून तणतणते, आणि ही मिसेस हॅझर्ड कोण करतंय तर क्लाइव्ह स्वतः. हे बघायला कोण नाही येणार! मेरी रॉबिन्सननेही १७७८ च्या एप्रिलमधे आपल्या बेनिफिटला स्वतःची संगीतिका आणली.

पुरुषवेषातली भूमिका हा दुसरा खात्रीचा माल. पेग वॉफिंग्टन सर हॅरी वाइल्डेअर म्हणून ब्रीचेस म्हणजे पुरुषांची गुडघ्यापर्यंतची तुमान घालून उभी राहिली की थिएटर भरायचं. पाय दिसतात म्हणून भरायचं हे उघड आहे, पण बाई त्या भूमिकेत खरंच उत्तम होती हेही तितकंच खरं. तुम्हाला जमणार असेल तरच करा. फ्रान्सिस ॲबिंग्टन, फॅशनच्या बाबतीत लंडनच्या बायका जिच्याकडे बघून कपडे शिवायच्या, तिने १७८६ ला कॉव्हेंट गार्डनला बेनिफिटसाठी स्क्रब या गबाळ्या नोकराची पुरुषभूमिका केली आणि लोकांनी नाकं मुरडली, व्यंगचित्रंसुद्धा निघाली. गर्दी होणं आणि मान राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि हो, काही नवीन लिहिलेलं असेल, फार्स असो नाहीतर नुसता एपिलॉग, तर त्याची प्रत किमान चौदा दिवस आधी लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याच्या ऑफिसला सेन्सॉरसाठी गेली पाहिजे. त्याच १७३७ च्या कायद्याची ही अट. शेवटच्या आठवड्यात सुचलेली कोटी कितीही भारी असली तरी ठेवून द्या.

५. सोबत कोण

तुमच्या रात्री बाकीचे नट तुमच्यासाठी उभे राहतात आणि त्यांच्या रात्री तुम्ही त्यांच्यासाठी, असा अलिखित व्यवहार असतो. पण भूमिकांवर ज्याचा-त्याचा हक्क ठरलेला, एखादी भूमिका वर्षानुवर्षं एकीची असेल तर ती तुम्हाला तिला विचारूनच घ्यावी लागते, आणि ती हो म्हणेल असं धरून चालू नका.

सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे डेव्हिड गॅरिक. तो ड्रुरी लेनचा मॅनेजर आणि देशातला एक नंबर नट, त्याचं नाव जाहिरातीत आलं की तुमची काळजी मिटली. त्याला पत्र लिहायचं, अदबीने, पण किती अदबीने ते ॲबिंग्टनकडून शिकू नका. तिने रिटायर होतेय असं सांगून १७७६ ला त्याला आपल्या बेनिफिटमधे काम करायला लावलं, त्याने केलं, आणि बाई काही रिटायर झाल्या नाहीत. तिच्या त्या पत्राच्या नकलेवर गॅरिकने स्वतःच्या हाताने शेरा मारून ठेवलाय, वाईट बायकांमधली सगळ्यात वाईट बाई असा. तरी त्याने काम केलं हे महत्त्वाचं, कारण नाही म्हणणं त्यालाही महागात पडलं असतं.

का महागात पडतं ते सारा सिडन्सकडे बघा. १७८४ च्या उन्हाळ्यात ती डब्लिनला होती, तिथे ब्रेरटन आणि डिग्ज या दोन नटांच्या बेनिफिटवरून अफवा उठली की बाईने आजारी आणि गरजू सहकाऱ्यांसाठी फुकट काम करायला नकार दिला. खरं काय ते पुढे पत्रं छापून सांगितलं गेलं, पण ऑक्टोबरमधे ती ड्रुरी लेनला उभी राहिली तेव्हा लोकांनी एवढा गोंधळ घातला की तिला स्टेज सोडावं लागलं, मग परत येऊन प्रेक्षकांशी चार शब्द बोलली तेव्हा कुठे नाटक सुरू झालं. देशातली सगळ्यात लाडकी नटी, आणि तिची ही अवस्था, ती पण दुसऱ्याच्या बेनिफिटपायी. तेव्हा कोणी तुम्हाला त्यांच्या रात्रीसाठी विचारलं तर ताप असला तरी विचार करून उत्तर द्या.

६. तिकिटं विकणे

खरं काम हे. नाटकापेक्षा जास्त वेळ यात जातो आणि सगळ्यात जास्त अपमानही यातच गिळावा लागतो.

जाहिरात पेपरात द्यायची, भिंतींवर प्लेबिल म्हणजे नाटकाची छापील पत्रकं लावायची, त्यात वर मोठ्या अक्षरात तुमचं नाव की अमुक बाईंच्या बेनिफिटसाठी. खाली तुम्ही जिथे भाड्याने राहता त्या घराचा पत्ता, कारण तिकिटं तिथे मिळतात. हो, तुमच्या राहत्या घरी. कोणीही दार वाजवणार, कोणाचा तरी नोकर, कोणी म्हातारा उमराव, कोणी नुसतं बघायला आलेला. म्हणून घरी त्या दिवसात एक बाई सोबत असलेली बरी, आणि खोली जरा नीटनेटकी ठेवा, कारण तुम्ही कशा राहता याची चर्चा संध्याकाळी चहाला होणारच आहे. बॉक्समधल्या जागा थिएटरच्या बॉक्सकीपरकडे बुक होतात, त्याच्याशी गोड बोलून ठेवा, कोणाला कुठे बसवायचं ते त्याच्या हातात असतं.

मग बड्या घरच्या बायकांकडे स्वतः जायचं. एखाद्या डचेसने आठ-दहा तिकिटं घेतली की तिच्या मैत्रिणी घेतात, आणि प्लेबिलवर मानाच्या बायकांच्या इच्छेवरून अशी ओळ टाकता येते. राजाराणी येणार असतील तर राजाज्ञेवरून असं छापतात, मग तर बघायलाच नको. पाच शिलिंगच्या तिकिटाला कोणी एक गिनी म्हणजे २१ शिलिंग हातावर ठेवतं, कोणी त्याहून जास्त, आणि ते घ्यायचं, लाजायचं नाही. सारा सिडन्सच्या चरित्रांमधे येतं की १७८३ च्या बेनिफिटला लॉर्ड आणि लेडी स्पेन्सरने आपल्या एका बॉक्ससाठी ९० गिनी दिल्या. पुरुष गिऱ्हाईक जास्त पैसे देत असेल तर मात्र घेण्याआधी त्याला बदल्यात काय हवंय ते चेहऱ्यावर वाचा. गावभर आधीच समज आहे की नटी म्हणजे विकाऊ, आणि तुमचा पत्ता तुम्हीच छापलाय.

लंडनबाहेर तर आणखी वाईट. छोट्या गावात नट-नट्यांनी प्लेबिलं हातात घेऊन दारोदार फिरायचं, या हो आमच्या नाटकाला करत. यॉर्कचा मॅनेजर टेट विल्किन्सन, त्याला ही प्रथा इतकी लाजिरवाणी वाटली की त्याने आपल्याकडे ती बंदच करून टाकली. भला माणूस.

मित्रमंडळी असतील तर गठ्ठ्याने विका. १७७५ च्या मार्चमधे ॲबिंग्टनने चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सला गळ घातली, त्याने समोरच्या बॉक्समधल्या चाळीस जागा घेतल्या आणि लंडनच्या सगळ्या विद्वान मंडळींना नेऊन बसवलं. त्यात डॉक्टर जॉन्सन पण होते, कोशवाले. त्यांना एवढ्या लांबून ना दिसत होतं ना ऐकू येत होतं, सगळा झगमगाट आणि हे मधेच ढगासारखे गप्प, असं त्यांच्या पुढच्याच जागेवर बसलेल्या बॉसवेलने, त्यांच्या चरित्रकाराने, लिहून ठेवलंय. नंतर त्याने विचारलं की दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, मग गेलात कशाला? तर जॉन्सन म्हणाले, कारण ती लोकांची लाडकी आहे, आणि तिच्यावर लोकांचं जेवढं प्रेम आहे त्याच्या हजाराव्या हिश्शाने तुझ्यावर जडलं तर तुझ्याही बेनिफिटला येईन. असे न बघणारे, न ऐकणारे, पण पैसे देऊन येणारे चाळीस लोक तुमच्या यादीत हवेत.

७. जागा धरणे

सीटला नंबर नाहीत, बाकं आहेत, त्यामुळे बॉक्सवाल्यांना जागा धरायला माणूस पाठवावा लागतो. प्लेबिलवर छापायचं की बायकांनी आपले नोकर तीन-चार वाजताच पाठवावेत. नाटक सहाला. म्हणजे दोन-तीन तास प्रेक्षागृहात नुसते नोकर बसलेत, मालकाची जागा गरम करत, आणि गॅलरीतले वरून त्यांच्यावर संत्र्याची सालं टाकतायत.

जुन्या बायका तुम्हाला सांगतील की आमच्या वेळी स्टेजवर पण बाक लावायचे. खरं आहे. बेनिफिटला जास्त पैसे मिळावे म्हणून स्टेजच्या मागच्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांचे बाक बांधायचे आणि तिथे लोक बसायचे. विल्किन्सन सांगतो की मिसेस सिबर ज्युलिएट म्हणून थडग्यात मरून पडलेली, काळं कापड घातलेल्या जुन्या कोचावर, आणि मोठ्या बेनिफिटला तिच्या मागे दोनशे माणसं बसलेली. त्याचाच दुसरा किस्सा हॉलंड नावाच्या नटाचा. पहिल्यांदाच हॅम्लेट करत होता, भूत बघून त्याची हॅट पडते, ती पडली, आणि स्टेजवरच्या गर्दीतल्या एका भोळ्या बाईला वाटलं बिचाऱ्याला थंडी वाजत असेल, तिने उठून हॅट उचलली आणि त्याच्या डोक्यावर नीट बसवली. पुढचा सगळा गंभीर सीन कामातून गेला. गॅरिकने १७६२ ला थिएटर मोठं करून जास्तीच्या जागा आत काढल्या आणि हे स्टेजवर बसवणं बंद केलं, नटांनी कुरकुर केली कारण पैसे बुडाले. माझं मत विचाराल तर बरंच झालं.

८. त्या रात्री

मालक किंवा मॅनेजर शेवटच्या क्षणी काहीतरी सांगायला येईल. ऐकून घ्या, मग ठरवा. २ फेब्रुवारी १७८५, सारा सिडन्सचा बेनिफिट, लंडनमधे पहिल्यांदाच लेडी मॅकबेथ करतेय. ती तयार होऊन मेकअपच्या खोलीत एकटी बसलेली, मन भूमिकेवर आणायचा प्रयत्न चाललाय, आणि दारावर थापा. शेरिडन, नाटककार आणि ड्रुरी लेनचा मालक, आत्ताच्या आत्ता बोलायचंय म्हणतो. तिने आधी नाही म्हटलं, शेवटी घेतलं आत. झोपेत चालायच्या सीनमधे ती हातातली मेणबत्ती खाली ठेवणार असं त्याच्या कानावर आलं होतं आणि तो घाबरलेला, कारण मिसेस प्रिचर्डने आयुष्यभर ही भूमिका केली आणि मेणबत्ती कधीच हातातून सोडली नाही, लोक म्हणतील ही कोण मोठी लागून गेली. सिडन्सचं म्हणणं सोपं होतं, बाई झोपेत हातावरचं रक्त धुतेय, एका हातात मेणबत्ती धरून हात धुणार कशी? तिने ठेवली. नाटकानंतर शेरिडन परत आला तो अभिनंदन करायला. एरवीच्या रात्री कदाचित तिने ऐकलं असतं, मला माहीत नाही, पण त्या रात्री पैसे तिचे होते, नाव तिचं होतं आणि सीन पण तिचा.

बाकी त्या रात्रीचं फार सांगण्यासारखं नाही. शेवटी पुढे येऊन वाकून नमस्कार करायचा. सिडन्सने बाथ हे गाव सोडताना, मे १७८२ मधे, प्रेक्षकांपुढे आपली तीन मुलं आणून उभी केली, तुम्हाला सोडून मी लंडनला का चाललेय त्याची ही तीन कारणं म्हणून. बाथला तिला आठवड्याला तीन पौंड मिळायचे, तुमच्याएवढेच. कारणं पटण्यासारखी होती. पण तुम्ही नवीन आहात, मुलं वगैरे आणू नका, फक्त नमस्कार करा.

९. हिशोब आणि त्यानंतरचं

दुसऱ्या दिवशी खजिनदाराकडे जायचं. दारावर रोख किती आली आणि तुमची तिकिटं किती आली, हे दोन आकडे वेगळे लिहिलेले असतात. तिकिटांचे पैसे तुमच्याकडे आधीच आलेले असतात, किंवा ज्यांनी उधार नेली त्यांच्याकडून यायचे असतात, ते आठवड्याच्या आत वसूल करा, उमराव लोक विसराळू असतात. दारावरच्या रोखीतून चार्जेस कापले जातात. नवीन पोशाख, जास्तीच्या मेणबत्त्या असलं काही मागितलं असेल तर तेही तुमच्या खात्यावर लागलंय का ते तपासा.

लग्न झालेलं असेल तर एक कटू गोष्ट. इंग्लंडच्या कायद्याने बायकोची कमाई नवऱ्याची. थिएटरने पैसे त्याच्या हातात दिले तर तुम्ही काही करू शकत नाही. मघाच्या ज्युलिएटवाल्या मिसेस सिबरचा, म्हणजे सुझानाचा, नवरा थिओफिलस, तिच्या कमाईवर तर त्याने हात मारलाच, तिचे कपडेसुद्धा विकले. लग्नाआधी वकिलाकडून ट्रस्टचा कागद करून घेता आला तर घ्या. नसेल घेतला तर तिकिटांची रोकड निदान आपल्या पेटीत ठेवा आणि किल्ली आपल्याकडे.

मग पेपरात आभाराचं पत्र. हे टाळू नका, यावर पुढच्या वर्षीची तिकिटं खपतात. सिडन्सचा ड्रुरी लेनला परतल्यानंतरचा पहिला बेनिफिट १४ डिसेंबर १७८२ ला झाला, ‘व्हेनिस प्रिझर्व्ड’ नाटकात ती नायिका बेल्व्हिडेरा, मॅनेजरने चार्जेस घेतले नाहीत, कमाई आठशे पौंडांच्या वर गेली, शिवाय लंडनच्या वकिलांनी वर्गणी काढून शंभर गिनींची थैली दिली, आणि हीच ती नटी जिला सहा वर्षांपूर्वी याच थिएटरने एका सीझननंतर नारळ दिला होता. त्यावर तिने जाहीर पत्र लिहिलं, त्याचा सूर असा की आभार मानायला शब्द शोधतेय, सापडत नाहीत म्हणून एवढा उशीर झाला. तुम्हाला आठशे मिळणार नाहीत, बावीस मिळाले तरी पत्र लिहा, छोटं आणि नम्र, पैशाचा आकडा न घालता. आणि पुढच्या सीझनच्या कराराला बसाल तेव्हा पगार वाढवून मागण्याआधी बेनिफिटची तारीख आधीची मागा, चार्जेसचा आकडा कागदावर घालून घ्या आणि खाली मॅनेजरची सही.